जठरांतला जंतु आणि मळाची साक्ष

मनुष्याच्या शरीरांतून जें बाहेर पडतें त्याकडे पाहण्याची आपणां सर्वांस शिसारी असते. परीक्षेसाठीं रक्ताचा थेंब देतांना कोणी लाजत नाहीं. पण मळाची लहानशी डबी प्रयोगशाळेंत नेऊन द्यावयाची म्हटली म्हणजे चांगला सुशिक्षित गृहस्थही ती कागदांत दोनदां गुंडाळतो आणि खिडकीवरील माणसाच्या हातीं देतांना दुसरीकडे पाहतो. आज ज्या परीक्षेची हकीकत सांगावयाची आहे ती या डबीवरच अवलंबून आहे. जठराच्या आंतल्या अस्तराला बिलगून राहणारा एक नागमोडी जंतु रोग्याच्या पोटांत आहे किंवा नाहीं, हें मळाच्या एका कणावरून सांगतां येतें, ही गोष्ट आतां नित्याची झाली आहे. पण येथवर येण्यास वैद्यकाला शंभर वर्षें लागलीं. आणि तेवढ्या काळांत असंख्य माणसांनीं पोटशूळ सोसला, पथ्यें पाळलीं, पोटें फाडून घेतलीं व कित्येकांनीं प्राणही गमावले.

मळावरून रोग ओळखण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. योगरत्नाकर या ग्रंथांत रोग्याची परीक्षा आठ प्रकारें करावयास सांगितली आहे: नाडी, मूत्र, मळ, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृष्टि आणि आकृति. पाण्यांत टाकलेला मळ बुडाला तर तो आमयुक्त व तरंगला तर निराम, अशी एक साधी कसोटीही आयुर्वेदांत आहे. वैद्याचा डोळा हेंच तेथें यंत्र होतें. त्या डोळ्यास जें दिसत नव्हतें तें पाहण्याचें सामर्थ्य पुढें भिंगानें दिलें. हॉलंडमधील डेल्फ्ट शहरचा कापडाचा व्यापारी आंतोनी फान लेव्हेनहुक यानें १६८१ सालीं, आपणांस हगवण लागली असतां, स्वतःचाच मळ स्वतः घांसलेल्या भिंगाखालीं ठेवला आणि त्यांत वळवळणारे सूक्ष्म प्राणी पाहून ती हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविली. त्याच्या वर्णनावरून ते जिआर्डिया या नांवानें आज ओळखले जाणारे जीव असावेत, असें तज्ज्ञ मानतात.

त्यानंतर दोनशें वर्षांनीं जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख हा पटकीच्या मागावर प्रथम इजिप्तमध्यें व १८८३ च्या अखेरीस कलकत्त्यास आला. पटकीनें मेलेल्यांच्या आंतड्यांत आणि तांदुळाच्या धुवणासारख्या दिसणाऱ्या रोग्यांच्या मळांत त्यास स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतु सांपडला, व १८८४ सालीं त्यानें तो पटकीचें कारण म्हणून जाहीर केला. ज्या पदार्थाकडे पाहण्यास लोक नाक मुरडीत, त्यांतच साथीचें मूळ हातीं लागलें. यापुढें पोटाच्या विकारांत मळाची परीक्षा हा प्रयोगशाळेंतला नित्यक्रम झाला. परंतु ती परीक्षा आंतड्यापुरती होती. जठराची गोष्ट सर्वांनीं निराळी मानली.

ती निराळी मानण्यास कारणही तसेंच होतें. जठरांत तीव्र आम्ल पाझरतें. त्यांत मांसही विरघळतें. अशा ठिकाणीं जंतूंचें बिऱ्हाड थाटलें जाईल हें कोणास संभवनीय वाटेना. उलट जठरांत आणि लहान आंतड्याच्या आरंभीं जे व्रण पडतात त्यांचें खापर आम्लावरच फुटलें. जेवणानंतर अन्न पचूं लागलें म्हणजे उठणारी कळ आपल्या वैद्यांस माहीत होती. माधवनिदानांत तिला परिणामशूल म्हटलें आहे. युरोपांत १९१० सालीं कार्ल श्वार्ट्‌झ या शल्यवैद्यानें आम्ल नसेल तेथें व्रणही नाहीं, असें सूत्र सांगितलें, आणि पुढें सत्तर वर्षें तें वेदवाक्याप्रमाणें चाललें. शिकागोच्या बर्ट्रम सिपी यानें १९१५ सालीं रोग्यास तासातासानें दूध व साय आणि मधून मधून क्षार देण्याचा उपचार सांगितला. त्याच शहरांतील लेस्टर ड्रॅगस्टेट यानें १९४३ सालीं जठरास आम्ल पाझरण्याची आज्ञा पोंचविणारा मज्जातंतूच कापून टाकण्याची शस्त्रक्रिया केली. कित्येकांच्या जठराचा मोठा भाग कापून काढीत. एवढ्यानेंही व्रण पुन्हां उलटला तर दोष रोग्याच्या स्वभावाचा! तो चिंता फार करतो, तापट आहे, चहा फार पितो, असें डॉक्टर सांगत. आणि घरीं आल्यावर स्वैंपाकांतल्या तिखटावरून गृहिणीला बोल लागे. रोगाचें कारण कळलें नाहीं म्हणजे तें रोग्याच्या किंवा त्याच्या माणसांच्या शीलांत शोधण्याची खोड मानवी समाजास फार जुनी आहे.

आणि तरीही तो जंतु कोणास दिसलाच नव्हता असें नाहीं. इटलीमधील तुरीन येथील जूलिओ बिझोझेरो यानें १८९३ च्या सुमारास कुत्र्याच्या जठरांतील ग्रंथींत मळसूत्राच्या आकाराचे जंतू पाहून त्यांचीं चित्रें काढलीं. पोलंडमधील क्राकोव्ह येथील वॅलेरी यावोर्स्की यानें १८९९ सालीं मनुष्याच्या जठराच्या धुवणांत तशाच आकाराचे जंतू वर्णिले, आणि जठराच्या विकारांशीं त्यांचा संबंध असावा अशी शंकाही लिहून ठेवली. पण तें लिखाण पोलिश भाषेंत होतें. बाहेर तें फारसें कोणीं वाचलें नाहीं. पुढें अधून मधून दुसऱ्या कित्येकांनींही तसेच जंतू पाहिले. अखेर १९५४ सालीं एडी पामर या अमेरिकन वैद्यानें हजाराहून अधिक माणसांच्या जठराचे कण तपासले व त्यांत असा जंतु मुळींच सांपडत नाहीं असा निर्वाळा दिला. ज्या रंगानें हे जंतू नीट उठून दिसत नाहींत तोच रंग त्यानें वापरला होता. एवढ्या मोठ्या संख्येपुढें शंका घेण्यास कोणास धीर झाला नाहीं, आणि प्रश्न मिटला असें सर्वांनीं धरलें.

या काळांत ग्रीस देशांतील मिसोलोंगी या लहान शहरीं योआनिस लिकुडिस नांवाचा एक साधा वैद्य व्यवसाय करीत होता. १९५८ सालीं त्यास स्वतःस पोटाचा विकार जडला असतां त्यानें जंतुनाशक औषधें घेतलीं. त्यांनीं तो विकार गेलाच, पण त्याचा जुना व्रणही बरा झाल्याचें त्यास आढळलें. मग त्यानें आपल्या व्रणाच्या रोग्यांसही तींच औषधें देण्यास आरंभ केला. हजारों माणसें त्याच्याकडे आलीं व बरीं होऊन गेलीं. त्याचा निबंध अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकानें परत पाठविला, औषधांच्या कारखान्यांनीं लक्ष दिलें नाहीं, आणि १९६८ सालीं त्याच्या देशांतील वैद्यकाच्या अधिकाऱ्यांनीं त्यास ४००० द्राख्मा दंड केला. १९८० सालीं तो वारला. श्रोतेहो, यावोर्स्कीपाशीं जंतूचें दर्शन होतें, पण उपचार नव्हता. लिकुडिसपाशीं उपचार होता, पण जंतु दाखवितां येत नव्हता. ज्या रोग्यास आपण बरें केलें त्याच्या पोटांत अमुक होतें व आतां तें नाहीं, असें ठासून सांगण्याचें साधन त्याच्या हातीं असतें, तर त्याच्यावर दंड भरण्याची पाळी आली असती काय? परीक्षा म्हणजे केवळ डॉक्टरची सोय नव्हे. तिच्यावांचून खरी गोष्टही न्यायासनापुढें उभी राहूं शकत नाहीं.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ शहरीं १९७९ च्या जून महिन्यांत रॉबिन वॉरन यांस एका रोग्याच्या जठराच्या कणांत हे जंतू दिसले. प्रेतांची व रोगट अवयवांची सूक्ष्मदर्शकानें तपासणी करणें हें त्यांचें काम होतें. पाहतां पाहतां त्यांस असें आढळलें कीं जेथें जेथें जठराचें अस्तर सुजलेलें तेथें तेथें हे जंतू हजर. १९८१ सालीं बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. दोघांनीं १०० रोग्यांची पाहणी हातीं घेतली. जंतु प्रयोगशाळेंत वाढविण्याचे प्रयत्न मात्र एकामागून एक फसत होते. कारण दोन दिवसांत कांहीं उगवलें नाहीं म्हणजे थाळ्या टाकून देण्याचा तेथला रिवाज होता. १९८२ च्या एप्रिलांत ईस्टरच्या सुट्ट्या आल्या, थाळ्या पांच दिवस तशाच राहिल्या, आणि सुट्टी संपल्यावर त्यांवर जंतूंच्या वसाहती उगवलेल्या दिसल्या. ज्यांच्या लहान आंतड्याच्या आरंभीं व्रण होता अशा बहुतेक सर्व रोग्यांच्या जठरांत हा जंतु निघाला. तरीही जाणते लोक मान हालवीत. तेव्हां १९८४ सालीं मार्शल यानें प्रथम आपलें जठर निरोगी असल्याचें तपासून घेतलें व मग त्या जंतूंचें मिश्रण स्वतःच पिऊन टाकलें. थोड्याच दिवसांत मळमळ व ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि सुमारें दहाव्या दिवशीं नळी घालून पाहतां जठर सुजलेलें व जंतूंनीं भरलेलें आढळलें. जंतूचें नांव दोनदां बदलून १९८९ सालीं हेलिकोबॅक्टर पायलोरी असें कायम झालें. १९९४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें जठराच्या कर्करोगाच्या निश्चित कारणांत त्याची गणना केली, आणि २००५ सालीं या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. वॉरन २०२४ सालीं निवर्तले.

कारण सांपडलें, औषधेंही होतीं; पण नवा प्रश्न उभा राहिला. जंतु कोणाच्या पोटांत आहे हें ओळखावें कसें? दुर्बिणीची नळी घशांतून जठरांत उतरवून अस्तराचा कण तोडून आणणें हा राजमार्ग खरा, परंतु तो खर्चाचा, त्रासाचा आणि मोठ्या रुग्णालयांपुरता. लहान मुलास किंवा अशक्त वृद्धास ती नळी गिळावयास लावणें सोपें नाहीं. शिवाय औषध दिल्यावर जंतु गेला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तीच यातायात पुन्हां! रक्ताची परीक्षा सोपी होती. जंतूशीं लढण्यासाठीं शरीर जीं प्रतिद्रव्यें निर्माण करतें तीं रक्तांत सांपडतात. पण शत्रु निघून गेल्यावरही वेशीवरचा पहारा जसा पुष्कळ दिवस उठत नाहीं, तशीं हीं प्रतिद्रव्यें महिनोन्‌महिने, कधीं वर्षानुवर्षें, रक्तांत राहतात. म्हणून रक्त जुनी गोष्ट सांगतें. आजची सांगेलच असा भरंवसा नाहीं.

तिसरा मार्ग श्वासाचा. हा जंतु आम्लांत जगतो याचें रहस्य असें कीं, युरिएज नांवाच्या एका द्रव्याच्या साहाय्यानें तो युरियाचें पृथक्करण करून अमोनिया निर्माण करतो व त्या अमोनियाचें कवच आपल्याभोंवतीं धरतो. या क्रियेंत कर्बाम्ल वायुही निघतो. रोग्यास खूण केलेल्या कर्बाचा युरिया पाजला आणि थोड्या वेळानें त्याच्या श्वासांत तो खुणेचा कर्ब आढळला, तर जठरांत जंतु आहे असें समजावें. ही युक्ति १९८७ सालीं वैद्यकाच्या नियतकालिकांतून प्रसिद्ध झाली आणि ती उत्तम ठरली. पण तिला तसा युरिया हवा, श्वास मोजणारें महागडें यंत्र हवें, आणि रोग्यास ठराविक वेळीं तेथें बसून राहतां यावयास हवें.

राहिला मळ. जठराचें अस्तर सतत झडतें. त्याबरोबर जंतूही गळून खालीं आंतड्यांत जातात आणि अखेर मळावाटे बाहेर पडतात. मग कॉखप्रमाणें त्यांस मळांत कां शोधूं नये? अडचण अशी कीं, आंतड्याच्या लांबच लांब प्रवासांत पित्ताच्या व इतर रसांच्या माऱ्यानें हा जंतु बहुधा मरतो, किंवा आपला नागमोडी आकार टाकून वाटोळा होतो व मग थाळींत वाढण्यास तयार होत नाहीं. शिवाय मळांत दुसऱ्या जंतूंची एवढी गर्दी असते कीं त्यांत याचा पत्ता लागणें म्हणजे आषाढीच्या वारींत एक अनोळखी वारकरी हुडकणें होय. १९९२ सालीं गँबिया देशांतील मुलांच्या मळांतून हा जंतु जिवंत वाढवून दाखविण्यांत आला खरा; पण तो संशोधकांचा पराक्रम होता, रोजच्या व्यवहारांतली परीक्षा नव्हे.

मार्ग निघाला तो जिवंत जंतूचा नाद सोडल्यावर. जंतु मेला तरी त्याच्या अंगचे कांहीं विशिष्ट अंश मळांत शिल्लक राहतात. त्यांस शास्त्रज्ञ प्रतिजन म्हणतात. या अंशांस नेमके ओळखून चिकटणारीं प्रतिद्रव्यें कांचेसारख्या लहान वाट्यांच्या तळाशीं आधींच बसवून ठेवावयाचीं. त्यांत मळाचें पातळ द्रावण ओतावयाचें. प्रतिजन असला तर तो तळाशीं अडकतो, नसला तर धुवून जातो. मग रंग उत्पन्न करणारें दुसरें प्रतिद्रव्य घालावयाचें. रंग चढला तर जंतु आहे, न चढला तर नाहीं. रंगावरून मोजण्याची ही पद्धति १९७१ सालीं स्वीडनमध्यें निघाली होती. आणि एकाच जातीचीं, एकाच खुणेस ओळखणारीं प्रतिद्रव्यें हवीं तितकीं तयार करण्याची विद्या १९७५ सालीं केंब्रिज येथें कोलर आणि मिलस्टाइन यांनीं सिद्ध केली होती. दुसऱ्याच कामासाठीं घडविलेलीं हीं दोन हत्यारें येथें उपयोगीं पडलीं. १९९७ च्या सुमारास मळांतील या प्रतिजनाची परीक्षा प्रथम पुढें आली, १९९८ सालीं अमेरिकेंत तिला सरकारी मान्यता मिळाली, आणि १९९९ सालीं युरोपांतील अनेक रुग्णालयांनीं मिळून केलेल्या पाहणींत शेंकडा नव्वदांहून अधिक रोग्यांत तिचा निर्णय बरोबर ठरल्याचें प्रसिद्ध झालें. आरंभीच्या परीक्षेंत अनेक जातींचीं प्रतिद्रव्यें मिसळलेलीं असत व त्यामुळें निकालांत थोडा फरक पडे. पुढें एकाच जातीचीं वापरूं लागल्यावर हा दोष पुष्कळ कमी झाला. आतां कागदाच्या पट्टीवर कांहीं मिनिटांत रेघ उमटते असाही तिचा एक प्रकार आहे, पण प्रयोगशाळेंतील पद्धतीची सर त्यास सहसा येत नाहीं.

या परीक्षेचे नियम थोडे आहेत, परंतु ते पाळले नाहींत तर ती खोटें बोलते. जंतुनाशक औषध किंवा बिस्मथ घेतलें असेल तर पुढें निदान चार आठवडे, आणि आम्ल थांबविणाऱ्या प्रबळ गोळ्या घेत असाल तर त्या डॉक्टरच्या सल्ल्यानें बंद करून दोन आठवडे, थांबावें लागतें. हीं औषधें जंतूस मारून टाकीत नसलीं तरी त्यांची संख्या इतकी घटवितात कीं परीक्षेस ते सांपडत नाहींत. पोट दुखूं लागलें कीं औषधाच्या दुकानांतून गोळी आणून घेण्याची आपल्याकडील संवय पाहतां, जंतु नाहीं असें निकालांत आल्यावर तो डोळे मिटून खरा मानणें किती धोक्याचें आहे हें सहज लक्षांत येईल. औषधोपचार संपल्यावर पुन्हां परीक्षा करावयाची तीही चार आठवड्यांच्या आंत नव्हे. ही दुसरी परीक्षाच बहुतेक लोक टाळतात. दुखणें थांबलें म्हणजे जंतु गेला असें ते समजतात. पण अनेक ठिकाणच्या जंतूंस आतां जुनीं औषधें लागू पडत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंची जी यादी केली तींत क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणाऱ्या या जंतूचेंही नांव होतें. म्हणून दुखणें थांबल्यावरही तो खरोखर गेला कीं नाहीं हें विचारलेंच पाहिजे. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मळ डांबरासारखा काळा होत असेल, रक्ताची ओकारी झाली असेल, वजन झपाट्यानें घटत असेल किंवा घांस गिळतांना अडत असेल, तर डबीवर विसंबून न राहतां दुर्बिणीची तपासणी तात्काळ करून घ्यावी.

आपल्या देशापुरतें पाहिलें तर या जंतूची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. येथें प्रौढ माणसांपैकी पुष्कळांच्या जठरांत तो असतो. बहुधा लहानपणींच, घरांतल्याच माणसांपासून तो येतो. पण तो असलेल्या बहुतेकांस जन्मभर कांहींच होत नाहीं. थोड्यांस व्रण होतो, आणि त्याहूनही थोड्यांस कर्करोग. म्हैसूर येथें शल्यवैद्य म्हणून राहिलेले फ्रँक टोव्ही यांस असें आढळलें होतें कीं लहान आंतड्याचा व्रण भात खाणाऱ्या दक्षिणेकडील प्रांतांत अधिक आणि गहूं खाणाऱ्या प्रांतांत कमी. जंतु सर्वत्र असूनही जठराचा कर्करोग भारतांत त्या मानानें कमी, पण मिझोराममध्यें मात्र पुष्कळ, हेंही एक कोडेंच आहे. एकटा जंतु सर्व कांहीं ठरवीत नाहीं. आहार, तंबाखू, जंतूची जात आणि मनुष्याची प्रकृति यांचाही त्यांत वांटा असतो. म्हणून प्रकृति ठणठणीत असतां केवळ कुतूहलानें परीक्षा करून घेण्यांत फारसा अर्थ नाहीं. ज्यास व्रण आहे किंवा पूर्वीं होऊन गेला आहे, ज्याची जठराची जळजळ हटत नाहीं, ज्याच्या आईबापांस किंवा भावंडांस जठराचा कर्करोग झाला आहे, त्यानें मात्र लाज सोडून ती करावी.

या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद भाग मला शेवटचा वाटतो. पाश्चात्य देशांत हा जंतु पिढीगणिक कमी होत गेला, आणि ही घट वॉरनच्या दृष्टीस तो पडण्यापूर्वींच सुरू झाली होती. त्या वेळीं त्याच्यावर औषध नव्हतें, परीक्षाही नव्हती. घरांतली दाटी कमी झाली, नळाला शुद्ध पाणी आलें, शौचकूप सुधारले, आणि मुलें या जंतूवांचून वाढूं लागलीं. मळाची डबी एका रोग्याचें दुखणें सांगते व त्याचें औषध योग्य ठिकाणीं लागलें कीं नाहीं हेंही सांगते. तेवढ्यासाठीं ती अमोल आहे. पण पुढल्या पिढीला तिची गरजच पडूं नये अशी इच्छा असेल तर लक्ष द्यावें लागेल तें चाळीच्या मोरीकडे, गांवाच्या विहिरीकडे आणि मुलांच्या हात धुण्याकडे.